एकतीस नंबरचा बिल्ला ओहायोत

अमेरिकेहून आलेल्या माणसाला आमच्या गावात पहिला प्रश्न नायगाराचा विचारतात. मी नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कचा तो हात वर केलेला पुतळाही पाहिला नाही. अडीच महिने ओहायो नावाच्या राज्यात राहिलो आणि त्यातलं मला सर्वांत जास्त काय आठवत असेल, तर एका घराचं तळघर. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. "मग एवढ्या लांब गेलात कशाला?" असं तोंडावर विचारणारेही भेटले. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी, आणि जे कधी गेले नाहीत, ज्यांना जायची हौसही नाही, अशा सगळ्या शहाण्या माणसांसाठी.

मी चित्रकलेचा मास्तर. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शाळेत शिकवत निवृत्त झालो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी शोभा आहे आणि गावात मला अजून राहायचं आहे. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, मी बिल्ले जमवतो. तेही सरसकट नव्हे. इंग्रजांच्या काळात लढायांवर गेलेले आणि जिवंत परत आलेले शिपाई आपापली मंडळं काढायचे, त्या मंडळांचे बिल्ले. पदक सरकार देतं. हे बिल्ले शिपायांनी आपल्या खिशातून, आपल्यासाठी करून घेतले, म्हणून मला ते पदकांपेक्षा जवळचे वाटतात.

आमच्या गावातूनही पहिल्या महायुद्धात पुष्कळ जण इराकात, बसऱ्याकडे गेले होते. परत आलेल्यांनी पेन्शनर शिपायांचं मंडळ काढलं आणि साताऱ्याच्या एका कारागिराकडून पितळी बिल्ले घडवून घेतले. मधे ढाल, मागे दोन तलवारी आणि खाली बसऱ्याची खूण म्हणून खजुराचं झाड. कारागिराने खजूर खाल्लेला, पण झाड काही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते झाड चक्क नारळाचं झालं आहे आणि त्याला दोन नारळही लागले आहेत. मागच्या बाजूला सभासदाचा नंबर ठोकलेला. पुढे दुसऱ्या महायुद्धातले जवान याच मंडळात आले. त्यांतले हवालदार आबा इटलीत लढून आलेले. त्यांचा नंबर एकतीस.

हा एकतीस नंबर मी बारा वर्षांपूर्वी आबांकडून चित्र काढायला म्हणून मागून आणला. त्याच सुमारास संग्राहकांच्या एका इंग्रजी पत्रिकेत माझा पत्ता छापून आला होता आणि ओहायोतल्या वॉल्टर नावाच्या गृहस्थांची पत्रं येऊ लागली होती. फिलिपाइन्सला जाऊन आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मंडळाचा एक बिल्ला त्यांच्याकडे जादा होता. त्याच्या बदल्यात त्यांना हिंदुस्थानातला, खेड्यातला, नंबर असलेला बिल्ला हवा होता. मी तीन दिवस तळमळलो आणि चौथ्या दिवशी एकतीस नंबर रजिस्टर पोस्टाने पाठवून दिला.

आबांना सांगितलं, चित्र अजून व्हायचं आहे. पुढच्या वर्षी सांगितलं, मुंबईला प्रदर्शनात ठेवलाय. त्याच्या पुढच्या वर्षी काय सांगितलं ते आता मलाही आठवत नाही. मंडळाची सभा दसऱ्याला आमच्या शाळेच्या मोठ्या वर्गात भरते आणि निवृत्तीनंतरही किल्ली माझ्याकडेच असते, त्यामुळे दर दसऱ्याला आबांची गाठ ठरलेली. ते एकच वाक्य विचारायचे, "काय मास्तर, बिल्ला कुठवर आला?" रागाने नव्हे, पाहुण्याची चौकशी करावी तसं. आबा चौऱ्याऐंशीचे झाले तेव्हा मी त्यांचे उरलेले दसरे मोजू लागलो. नेमका आमच्या निखिलने तिकिटं पाठवली. सगळे म्हणाले, मुलाकडे चालले. मी चाललो होतो बिल्ला आणायला, आणि हे माझी बायको कुमुद हिलाही ठाऊक नव्हतं.

डब्लिन, ओहायो

निखिल कोलंबस शहराजवळच्या डब्लिनमध्ये राहतो. हे आयर्लंडचं नव्हे. इथे अर्धे शेजारी पुण्याचे किंवा नागपूरचे आणि उरलेले हैदराबादचे. आम्ही पोहोचलो त्या आठवड्यात सूनबाई कामासाठी टेक्सासला गेली होती, म्हणून घरात निखिल, नऊ वर्षांची नात सई आणि आम्ही दोघं. सईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. सुरुवातीला वाटायचं आपण टेलिफोन खात्याशी बोलतोय. चार दिवसांत सवय झाली.

पहिल्याच संध्याकाळी निखिलने आम्हाला गावातलं मुख्य आश्चर्य दाखवायला नेलं. रस्त्याकडेच्या एका हिरवळीवर माणसाएवढी उंच सिमेंटची मक्याची कणसं ओळीने उभी केली आहेत. एका शेतकऱ्याची आठवण म्हणे. कुमुदने एका कणसाला हात लावून पाहिलं आणि विचारलं की जमीन एवढी चांगली आहे, तर खरा मका का लावला नाही. निखिल म्हणाला, "आई, इट्स आर्ट." चित्रकलेचा मास्तर असूनही मला तिचा प्रश्नच बरोबर वाटला.

शनिवारी जवळच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या लष्करी वस्तूंचा मोठा बाजार भरणार होता. वॉल्टररावांचं तिथे टेबल असे. मी त्यांना आधीच लिहिलं होतं की एकतीस नंबरच्या बदल्यात मी वेगवेगळ्या मंडळांचे चौदा बिल्ले देतो. त्यांचं उत्तर होतं, घेऊन या, बघू. शुक्रवारी दुपारी मी ते चौदा बिल्ले वर्तमानपत्राच्या घड्यांतून काढून जेवणाच्या टेबलावर मांडले, मोजले, पुन्हा मोजले आणि वामकुक्षीला गेलो.

उठून आलो तर टेबलावर चौदा सूर्य.

कुमुदने इंडियन स्टोअरमधून आणलेली चिंच कोळून, त्यात मीठ घालून, सईच्या जुन्या टूथब्रशने एकेक बिल्ला घासला होता. एवढ्या लांबून आलेल्या वस्तू परक्या माणसाच्या हातात काळ्या कशा द्यायच्या, हा तिचा रास्त विचार. कबूल करायला हरकत नाही, मला आनंदच झाला. आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं सगळं पितळ निघतं, विळी-कोयत्यांबरोबर माझे बिल्लेही निघतात, आणि वर्षातून एकदा त्यांना चिंचेची अंघोळ होते. फिलिपाइन्सचा तो अमेरिकन बिल्ला तर मी स्वतः घासतो आणि त्याची लाल-पिवळी फीत रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुतो. उद्या बाजारात मिरवायला तो मी बरोबर आणलाच होता. माझ्या संग्रहातलं ते मानाचं पान. देण्याघेण्यासाठी नव्हे, फक्त कोटाला लावण्यासाठी.

घरात शंका आली ती एकट्या सईला. टेबलाजवळ उभी राहून ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आजी, आर यू शुअर? आय थिंक ओल्ड थिंग्ज आर सपोज्ड टू लुक ओल्ड." कुमुदने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा बाहेर जाताना तोंड धुवावं.

जत्रेचं मैदान

एरवी तिथे गाई-म्हशींचं, म्हणजे नुसत्या गाईंचंच, प्रदर्शन भरतं. मोठमोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये गवताचा वास अजून रेंगाळत होता आणि जिथे गाई बांधत असतील तिथे टेबलांच्या रांगा. टेबलांवर शिरस्त्राणं, टोप्या, बटणं, पाण्याच्या बाटल्या, बिगुल. विकणारे बहुतेक माझ्या वयाचे. प्रत्येकाच्या जाकिटावर इतके बिल्ले की खाली कापड आहे की नाही याची शंका यावी. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. माझ्यासारखे येडे जगात एवढे आहेत आणि त्यांना वर्षातून एकदा गाईंच्या गोठ्यात एकत्र जमू देतात, याबद्दल मला त्या देशाविषयी आदर वाटू लागला.

अमेरिकनांची शिपाई-मंडळं आमच्यापेक्षा थाटाची. दरवर्षी अधिवेशन, दर अधिवेशनाला नवा बिल्ला, वर नावाची पट्टी, मधे रेशमी फीत, खाली ब्राँझची चकती. पण एक गोष्ट पाहून गंमत वाटली. फिलिपाइन्सला गेलेल्यांच्या बिल्ल्यांवर ताडाचं झाड, आमच्या बसऱ्यावाल्यांच्या बिल्ल्यावर खजुराचं. दुसऱ्याचा मुलूख जिंकायला गेलेल्या शिपायाला परत आल्यावर सेनापती आठवत नाही, झाड आठवतं.

माझ्या कोटावरच्या बिल्ल्याकडे लोक वळून बघत होते. तिघांनी तर थांबवलं. कुठे मिळाला, अजून आहेत का, असं विचारलं. मी छाती काढून सांगितलं की जगात फार थोडे उरलेत आणि हा विकायचा नाही. ते हसून पुढे गेले. निखिल माझ्याशेजारी उभा होता आणि का कोण जाणे, बुटांकडे बघत होता.

खाण्याचीही चैन होती. पिठाची धार तेलात गोल गोल सोडून तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरवतात. आपल्या जिलबीला पाकात पडायच्या आत पळवून आणावं तसा प्रकार. सईने एक संपवला, मी दुसरा. कुमुदने एका तोफेच्या सावलीत बसून घरचं थालीपीठ खाल्लं आणि दोन अमेरिकन माणसांना त्याचा वास घेऊ दिला.

वॉल्टरराव भेटले ते शेवटच्या रांगेत. उंच, वाकलेले, विजारीला खांद्यावरून जाणारे गॅलिसचे पट्टे लावलेले, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. बारा वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर दोन म्हातारे भेटतात तेव्हा काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून आम्ही बराच वेळ हातच हलवत राहिलो. मग त्यांची नजर माझ्या कोटावर गेली. शाबासकी देत म्हणाले, हे बरं केलंत, मिरवायला नक्कल करून घेतलीत. अस्सल घरी जपून ठेवला असेल.

मी म्हटलं, हाच अस्सल.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बिल्ला पाहिला, फीत पाहिली, पुन्हा बिल्ला पाहिला. मी घाईघाईने चौदा बिल्ल्यांचं फडकं टेबलावर उलगडलं. शेडच्या पत्र्यातून ऊन येत होतं आणि ते चौदाही असे काही झळकले की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून आला आणि हळहळत परत गेला. वॉल्टररावांनी अगदी शांतपणे विचारलं, हे कोणी केलं? प्रश्न कळला नाही तरी आपल्या कामाविषयी चाललंय हे कुमुदने ओळखलं आणि हसून हात वर केला. माणूस सभ्य. कमरेत किंचित वाकून तिला म्हणाले, फार चकचकीत झालेत, मॅडम. मग फडकं चारी बाजूंनी दुमडून माझ्या हातात परत दिलं आणि उद्या रविवारी जेवायला घरी या, म्हणाले. एकतीस नंबरचा विषयही निघाला नाही.

परतताना गाडीत निखिलने समजावलं. "बाबा, इकडे तो काळेपणा म्हणजेच व्हॅल्यू असते. क्लीन केलं की संपलं. आणि ते तिघं थांबले ना, त्यांना वाटलं तुमचा नवीन आहे. आत्ता फॅक्टरीतून आलेला." दर खंडेनवमीला मी त्या बिल्ल्यावरचं शंभर वर्षांचं आयुष्य मोरीत सोडून देत होतो, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. कुमुदने मागच्या सीटवरून विचारलं की मग यांच्या बायका देवाची भांडी घासतच नाहीत की काय.

वॉल्टररावांचं गाव

रविवारी तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे मका आणि सोयाबीन, क्षितिजापर्यंत आखल्यासारखं, आणि त्यात माणूस म्हणून दिसत नाही. बांधावर बसून भाकरी खाणारं कोणी नाही, हाळी देणारं कोणी नाही. लाल रंगाची मोठी कोठारं मधूनमधून उभी. एका वळणावर टेबल मांडून ताजी कणसं ठेवली होती, शेजारी पैसे टाकायचा डबा, राखणीला कोणी नाही. निखिलने डब्यात नोट टाकली आणि कणसं उचलली. कुमुद मात्र दहा मिनिटं खोळंबली. मालक आल्याशिवाय घासाघीस कोणाशी करायची हा तिचा प्रश्न होता. शेवटी तिने टेबलालाच सांगितलं की भाव जरा जास्त आहे, आणि मग गाडीत बसली.

हातात चौदा निकामी बिल्ले, आणि दसऱ्याला आबांसमोर पुन्हा काय सांगायचं या विचाराने मला मका दिसत नव्हता.

वॉल्टररावांच्या पत्नी हेलनबाई दारातच उभ्या होत्या. आम्ही मांस खात नाही हे निखिलने कळवलं होतं, म्हणून त्यांनी फरसबी, चीजमधल्या मॅकरोनी आणि पीचचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा गोड प्रकार असा बेत केला होता. जेवणाआधी सगळ्यांनी हात धरून प्रार्थना म्हटली. कुमुदनेही डोळे मिटून वदनी कवळ म्हणून घेतलं. कुणाची तक्रार नव्हती. ठीक बाराला जेवायला बसलो आणि पाऊण वाजता ताटंही धुऊन झाली. आमच्याकडे तेवढ्यात पानं मांडून होतात.

स्वयंपाकघरात भिंतीवर तांब्याची पातेली टांगलेली होती, आरशासारखी. कुमुद तिथेच थबकली. हेलनबाईंनी फ्रीजमधून टोमॅटो केचपची बाटली काढली आणि एका पातेल्यावर ते चोळून दाखवलं. कुमुदने पर्समधून चिंचेचा गोळा काढला. तो पर्समध्ये का होता हे मी आजवर विचारलेलं नाही. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण पुढचा तासभर सिंकपाशी त्यांचा जो संवाद चालला तसा माझा आणि वॉल्टररावांचा बारा वर्षांत झाला नव्हता.

मला वॉल्टरराव तळघरात घेऊन गेले. सई आमच्या मागोमाग येऊन जिन्यावर बसली. चारी भिंतींना काचेची कपाटं, आत मखमलीवर बिल्ले, प्रत्येकाखाली सुबक अक्षरात चिठ्ठी. बोअर युद्धातून परतलेले, चीनला गेलेले, ब्रह्मदेशातले. आणि तिसऱ्या कपाटात, डोळ्यांच्या बरोबर समोर, एकतीस नंबर. ढाल, तलवारी, दोन नारळ. बारा वर्षांत त्याला कोणी पुसलंही नव्हतं. आबांच्या कोटाच्या खिशातला काळपटपणा जसाच्या तसा होता. त्याच कपाटात एक जागा मात्र रिकामी. खाली चिठ्ठी, ओहायो, फिलिपाइन्स. मला देऊन टाकलेल्या बिल्ल्याची ती जागा त्यांनी भरली नव्हती.

मी काही बोलायच्या आत त्यांनी खणातून एक पातळसं पुस्तक काढलं. म्हणाले, इंग्लंडच्या एका व्यापाऱ्याकडून कागदांचं खोकं घेतलं, त्यात हे निघालं. मुखपृष्ठावर तेच नारळाचं झाड होतं म्हणून ओळखलं, पण आत लिहिलंय काय ते आजवर कळलं नाही. तुम्ही आलात की वाचून घ्यायचं म्हणून ठेवलंय. त्यांचा चेहरा मिठाईचा पुडा सोडायला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

आमच्या गावच्या मंडळाचे छापील नियम होते ते, मराठीत. मी खुर्चीत बसलो आणि एकेक कलम वाचून इंग्रजीत सांगू लागलो. पहिल्यात मंडळाचं नाव. दुसऱ्यात वर्गणी. तिसऱ्यात सभा विजयादशमीला घ्यावी. वॉल्टरराव लिहून घेत होते. चौथं मी मोठ्याने वाचलं.

"बिल्ल्यावाचून कोणीही सभेत बसू नये. ज्याचा बिल्ला गहाळ होईल त्याने तो मिळेपर्यंत दाराबाहेर बसावे. दुसरा बिल्ला करून मिळणार नाही."

आणि माझ्यापुढे शाळेची पायरी उभी राहिली.

दर दसऱ्याला मी कुलूप काढायचो, सतरंजी घालायचो. एकेक म्हातारा बिल्ला लावून आत जायचा. हवालदार आबा मात्र बाहेर पायरीवर बसायचे, कोट-टोपी घालून, काठी गुडघ्यावर आडवी ठेवून. मला वाटायचं, बिडीसाठी बसत असतील. एकदा मीच म्हटलं होतं, आबा, आत बसा की. तर म्हणाले, हितं वारं लागतंय. त्या बारा वर्षांत आतले एकेक करून गेले. दर सभेत गेलेल्याच्या नावाने दोन मिनिटं उभं राहायची रीत होती. आत माणसं उभी राहिली की आबाही बाहेर पायरीवर उभे राहायचे. हे मी बघितलं होतं. दर वर्षी बघितलं होतं. आणि एकदाही त्यांनी मला कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला लाज वाटली असती.

"व्हाय डिड यू स्टॉप, आजोबा?" सईने जिन्यावरून विचारलं.

मी वॉल्टररावांना सगळं सांगितलं. माझं शाळामास्तरी इंग्रजी त्या दिवशी कुठेही अडलं नाही. बिल्ला माझा नव्हता, चित्र काढायला मागून आणला होता, एक माणूस माझ्यामुळे बारा वर्षं दाराबाहेर बसलाय. वॉल्टरराव खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ भिंगाच्या दोरीला गाठी मारत राहिले. मग म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण व्यवहार झाला तो झाला, त्यांनी तो प्रामाणिकपणे घेतला होता. संग्राहक आहेत. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो, किंबहुना बारा वर्षं तेच म्हणत होतो.

वर स्वयंपाकघरातला नळ बंद झाल्याचं आमच्या लक्षात आलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी दोन्ही बायका हात पुसत उभ्या होत्या, शेजारी निखिल. कुमुद निखिलला विचारत होती, काय म्हणाले रे तुझे बाबा? निखिल सांगत होता, हळू आवाजात, एकेक वाक्य. तिचा चेहरा मला खालून दिसत होता आणि तो दिसला नसता तर बरं झालं असतं. हेलनबाईंनी मात्र भाषांतराची वाट पाहिली नाही.

"वॉल्टर," त्या म्हणाल्या, "त्या माणसाचा बिल्ला दे."

वॉल्टररावांनी कपाट उघडलं. तेव्हा मला कळलं की मलाही काहीतरी करायला हवं. मी कोटावरचा फिलिपाइन्सचा बिल्ला काढला. साधी पिन, पण निघता निघेना. त्यांच्या तळहातावर ठेवला तर त्यांनी तो नाकाशी नेला आणि विचारलं, फीत कशात धुतली? मी म्हटलं, रिठ्यात. त्यांना रिठा माहीत नव्हता. मी समजावलं की आमच्याकडे बायका त्याने केस धुतात. हेलनबाई हसू लागल्या, सई हसू लागली, आणि शेवटी वॉल्टरराव डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी तो झळझळीत, सुगंधी बिल्ला त्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि काच लावून घेतली. आजूबाजूच्या सगळ्या काळ्या बिल्ल्यांत तो नव्या नवरीसारखा दिसत होता.

परतीच्या रस्त्यात कुमुद माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर चार दिवस तिला मला काही सांगायचं असलं की ती सईला सांगायची आणि सई मला ते इंग्रजीत सांगायची. पाचव्या दिवशी चहा ठेवताना ती स्वतःहून म्हणाली, "आणि सगळे मिळून माझ्या चिंचेला नावं ठेवत होतात." मी चहा प्यायलो.

गावी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो. रुमालातून बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि काहीही न लपवता सांगितलं. ते अंगठ्याने नंबर चाचपत ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, तिकडं नीट ठेवला व्हता का? मी म्हटलं, मखमलीवर, काचेच्या कपाटात. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. म्हणाले, "मी इटलीपत्तुर गेलो. ह्यो माज्या म्होरं गेला म्हनायचा." मला रागावले असते तर मला घरी जाऊन झोप लागली असती. ते रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचं कुलूप काढलं. सतरंजी घातली, हार ठेवला. मंडळात आता दोनच सभासद उरलेत. सत्तावीस नंबरचे नाना, ज्यांना ऐकू येत नाही, आणि आबा. नाना आत जाऊन बसले. मग आबा आले. कोट इस्त्रीचा, टोपी नवी, छातीवर काळाभोर एकतीस नंबर. पायरीपाशी क्षणभर थांबले. काठी भिंतीला टेकवली आणि काठीशिवाय, ताठ, उंबरा ओलांडून आत गेले. नानांनी त्यांना पाहिलं आणि सतरंजीवर सरकून जागा केली.

बारा वर्षं सभेत आत बसायची सवय, मीही त्यांच्यामागे आत पाऊल टाकलं. आबा वळले.

"मास्तर, तुमी भायेर. तुमच्याकडं बिल्ला न्हाई."

मी पायरीवर जाऊन बसलो. दोन माणसांची सभा दीड तास चालली.